पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रातली दिवसपाळी आणि रातपाळी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुलै उजाडला की कृष्णा, वारणा, पंचगंगेकाठच्या गावांत एकच चौकशी सुरू होते. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती, सांगलीच्या आयर्विन पुलाखाली किती? कोल्हापुरात ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका, सांगलीत ४० आणि ४५. हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. २००५ नंतर २०१९ ला आणि लगेच २०२१ ला मोठं पाणी आलं. त्या प्रत्येक वेळी शाळा, मंगल कार्यालयं, मठ, साखर कारखान्यांच्या गोदामांत हजारो माणसं राहिली. त्यांच्यासाठी राबणारी माणसं आयत्या वेळी गोळा होतात : शिक्षक, अंगणवाडीताई, आशाताई, तालमीतली नि मंडळातली पोरं, कॉलेजची मुलं. पहिल्यांदाच केंद्रावर येणारे जे प्रश्न दर वेळी विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. शिरोळ तालुक्यातल्या केंद्रांवर काम करताना जे दिसलं, त्यावरून ती लिहिली आहेत.

निवारा केंद्र चालवतं कोण?

कागदोपत्री महसूल विभाग आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका. म्हणजे तलाठी, ग्रामसेवक, मुख्याध्यापक, पोलीस पाटील. आरोग्याचं प्राथमिक आरोग्य केंद्राकडे असतं. स्वयंपाक बऱ्याच ठिकाणी गावकरी किंवा संस्था उचलतात. तुम्ही स्वयंसेवक म्हणून आलात तर पहिल्यांदा केंद्रप्रमुख कोण ते विचारा आणि त्यांच्याकडे नाव-नंबर नोंदवा. परस्पर कामाला लागू नका. रात्री दोन वाजता ‘हा पोरगा कुणाचा?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर देणारं कुणीतरी हवं.

पाळ्या कशा लावायच्या?

आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या सर्वांत बऱ्या. पण पाण्यानं रस्ते तुटले की बदली माणूस पोहोचत नाही. त्यामुळे सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ, अशा दोनच पाळ्या चालवाव्या लागतात. तसं असेल तर दोन गोष्टी पाळा. नवी पाळी अर्धा तास आधी यावी आणि जुनी अर्धा तास थांबावी. आणि रातपाळीतल्या माणसांनी आपसात ठरवून आलटून-पालटून दोन-दोन तास आडवं व्हावं. मात्र एका वेळी किमान दोघं जागी हवीत, त्यातली एक बाई.

दिवसभर राबलेल्या माणसालाच रात्री ‘बस जरा इथं’ म्हणणं सर्रास चालतं. ते बंद करा. रात्रीची माणसं वेगळी ठेवा आणि त्यांना दिवसा झोपायला केंद्राबाहेर जागा द्या. केंद्रातच झोपलेल्या कार्यकर्त्याला दर दहा मिनिटांनी कुणीतरी हलवून उठवतंच.

रात्री सगळे झोपलेलेच असतात. मग एवढी माणसं कशाला?

या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच.

दिवसा केंद्रावर माणसांचा तुटवडा नसतो. पुढारी येतात, संस्था येतात, डॉक्टरांचं पथक येतं, कॅमेरे येतात, जेवण वाढायला हात जास्त होतात. रात्री नऊनंतर गेटवर एक होमगार्ड आणि ऑफिसात पेंगणारे एक गुरुजी, एवढंच उरतं. अडचणी मात्र त्याच वेळी वर येतात. दिवसभर रांगा, जेवण, फोन यांत माणूस गुंतलेला असतो. दिवे मालवले की घर आठवतं. भिंत पडली असेल का, कपाटातले कागद भिजले असतील का, सोडून आलेल्या म्हशीचं काय झालं असेल. कुणाचं छातीत दुखायला लागतं, कुणाला दम लागतो, कुणाला कळा सुरू होतात. तान्ही बाळं रडतात आणि त्यांच्या आया शेजाऱ्यांची झोपमोड होते म्हणून कानकोंड्या होऊन व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात. वयस्कर माणसाला अनोळखी अंधारात संडास सापडत नाही.

हे सगळं निभावून नेणाऱ्या माणसाला राखणदार समजू नका. त्याला रोगी ओळखता यावा लागतो, भांडण थांबवता यावं लागतं आणि ऐकून घेता यावं लागतं. म्हणून माझं ठाम म्हणणं आहे : तुमच्याकडे दहा चांगली माणसं असतील तर त्यातली सर्वांत जाणती चार रात्रीला द्या आणि मगच दिवसाचा विचार करा. आपण नेमकं उलटं करतो. नवख्या पोरांना रात्री बसवतो.

किती माणसं हवीत? शंभर-दीडशे जणांच्या केंद्राला रात्री चारजण तरी लागतात. एक गेटवर, एक ऑफिसात वही आणि फोन घेऊन, आणि दोघं फिरती. जनावरं सोबत असतील तर दावणीकडे आणखी एक.

पाळी बदलताना काय सांगायचं? वहीत काय लिहायचं?

‘सगळं ठीक आहे’ हे वाक्य वहीत लिहायला बंदी घाला.

एक दोनशेपानी वही घ्या, दोरीनं टेबलाला बांधा आणि त्यात वेळ घालून लिहा. रात्रीचं चांगलं पान कसं दिसतं ते सांगते. ‘१०.४० : खोली ४ मधल्या आजी जेवल्या नाहीत. गाईची काळजी. सकाळी नातवाबरोबर कारखान्याच्या छावणीवर पाठवायचं. ११.१५ : खोली ७, दोन जुलाब, वय ३, ओआरएस सुरू, आईला चमचा-चमचा द्यायला सांगितलं. १.३० : तेच बाळ, तिसरा जुलाब, लघवी झाली आहे. २.१० : मागच्या संडासाचा दिवा गेला, बॅटरी टांगली. ४.०० : टाकी अर्ध्यावर, टँकरला सहाला फोन करणे.’ हे वाचून सकाळी आलेल्या माणसाला काय करायचं ते कुणाला विचारावं लागत नाही. आजींचं काम झालं का आणि बाळाला डॉक्टरांनी पाहिलं का, याची खूण दिवसपाळीनं त्याच ओळीपुढं करायची.

वही वाचून झाली की दोन्ही पाळ्यांतल्या एकेकानं मिळून सगळ्या खोल्यांतून एक फेरी मारायची. या फेरीला अर्धा तास जातो म्हणूनच वर सांगितलेला अर्धा तास. गरोदर बायका, ऑक्सिजन किंवा डायलिसिसवर असलेले रुग्ण, अपंग, एकटे म्हातारे, एकटी मुलं यांची वेगळी यादी पहिल्याच पानावर हवी. डायलिसिसच्या रुग्णाची पुढची तारीख आल्या दिवशीच विचारा आणि तालुक्याच्या नियंत्रण कक्षाला कळवा. रस्ता बंद झाल्यावर कळवून उपयोग नसतो. पुणे-बंगळूरु महामार्ग २०१९ ला आणि २०२१ ला शिरोलीजवळ पाण्याखाली गेला होता, हे विसरू नका.

दिवसपाळीची कामं कोणती?

नोंदणी, जेवण, पाणी, सफाई, वैद्यकीय तपासणी, आलेल्या मदतीचं वाटप, कागदपत्रं. यावर शासनाची परिपत्रकं आहेत, तुमच्या केंद्रप्रमुखांकडे मिळतील. एवढंच सांगते : रात्र सुखाची जायची असेल तर ती दुपारी चारलाच तयार करावी लागते. बॅटऱ्या, दिवे, पिण्याचं पाणी, औषधांची पेटी, गाडीत डिझेल आणि ड्रायव्हर कुठे झोपणार याची माहिती, हे अंधार पडायच्या आत तपासा.

मोबाईल चार्जिंगचंही दिवसाच बघा. एक लांब बोर्ड लावून प्रत्येक फोनला चिकटपट्टीवर नाव लिहायचं. वीज गेली आणि जनरेटर सुरू केला तर तो इमारतीच्या बाहेर, खिडक्यांपासून लांब ठेवायचा. पावसात भिजतो म्हणून व्हरांड्यात किंवा बंद खोलीत आणला तर त्याच्या धुरानं झोपेतच माणसं दगावू शकतात.

एका खोलीत किती माणसं ठेवावीत? पाणी आणि संडास किती?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या निकषांप्रमाणे माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, दिवसाला ३ लिटर पिण्याचं पाणी आणि ३० माणसांमागे एक संडास. वीस बाय चोवीस फुटांच्या वर्गात या हिशेबानं बारा-तेरा माणसं बसतात. प्रत्यक्षात पहिल्या रात्री तिथं चाळीस असतात. त्याला इलाज नसतो, पण दुसऱ्या दिवशी खोल्या मोकळ्या करण्याची मागणी लावून धरायला हा आकडा हाताशी ठेवा. संडासाच्या बाबतीत मात्र पहिल्या दिवसापासून भांडा. शाळेचे चार संडास दोनशे माणसांना पुरत नाहीत, फिरते संडास मागवावेच लागतात.

पिण्याच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर अर्धा तास थांबायचं आणि ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का याची तपासणी, करायची. ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला ती येते. रात्री टँकर आला तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. लोक रात्रीही पाणी पितात.

बायकांच्या सुरक्षेसाठी रात्री काय बघायचं?

सगळ्यात आधी संडासाची वाट. ती उजेडात हवी, दाराला आतून कडी हवी आणि बायकांना संडासाला पुरुषांच्या झोपायच्या जागेवरून जावं लागू नये. अंधाराला भिऊन बायका संध्याकाळपासून पाणी प्यायचं सोडतात, जेवण कमी करतात. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला हे फार महागात पडतं. ‘ताई, पाणी पिता का?’ असं दिवसपाळीतल्या कार्यकर्तीनं मुद्दाम विचारायला हवं. उत्तर नाही असेल तर आपला दिवा नाहीतर कडी कुठेतरी चुकली आहे असं समजा.

अंगावर पाजायला, कपडे बदलायला साडी आडवी लावून का होईना एक कोपरा द्या. पॅड बाईनंच बाईला द्यावेत, वापरलेले टाकायला झाकणाची बादली ठेवावी. छेडछाडीची तक्रार आली तर गावातली माणसं आहेत, आपसात मिटवू, असं म्हणू नका. ११२ (पोलीस) किंवा १८१ (महिला हेल्पलाइन) लावा आणि वहीत नोंद करा.

रात्री कोणी आजारी पडलं तर कधी थांबायचं, कधी १०८ लावायचं?

छातीत दुखणं, दम लागणं, तोंड वाकडं होणं, झटके, प्रसूतीच्या कळा, बेशुद्धी यात विचार करत बसायचं नाही. १०८ लावा आणि त्याच वेळी केंद्राची गाडीही तयार ठेवा, कारण रुग्णवाहिकेला पाण्यातून वाट नसते. कुठल्या दवाखान्यापर्यंत रस्ता चालू आहे हे रोज संध्याकाळी फळ्यावर लिहून ठेवा.

लहान मुलांचे जुलाब : एक लिटर पाण्याला ओआरएसची एक पुडी, अर्धी पुडी अर्ध्या लिटरला असा अंदाज नको. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी थांबली तर लगेच दवाखाना. एकाच रात्रीत तीन-चार जणांना जुलाब लागले तर तेवढ्या रात्री आरोग्य केंद्राला फोन करून टाकीचं पाणी थांबवा.

पुराच्या पाण्यात वावरलेल्या माणसाला ताप आणि पोटऱ्यांत प्रचंड दुखणं असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या आजाराचा) संशय धरून डॉक्टरांना दाखवा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर देतील त्याच घ्यायच्या, गरोदर बायकांना आणि मुलांना परस्पर वाटायच्या नाहीत. इन्सुलिनवाल्यांची यादी करा. फ्रीज नसेल तर बाटली प्लॅस्टिकच्या डब्यात घालून पाण्याच्या माठात ठेवता येते.

सापाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुरात साप कोरड्या जागेकडे येतात आणि कोरड्या जागेत आपण माणसं जमिनीवर झोपवलेली असतात. घोणस चावली तर सूज आणि वेदना लगेच दिसतात. मण्यार झोपेत चावते, दुखत जवळजवळ नाही, खूणही सापडत नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणतो, पापण्या जड होतात, गिळताना-बोलताना अडखळतो. ‘जेवण बाधलं असेल’ म्हणून सोडा-लिंबू देत बसू नका. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या मिटायला लागल्या की मण्यार गृहीत धरून त्याला सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात न्यायचं. चिरा मारायच्या नाहीत, करकचून आवळायचं नाही, चालवायचं नाही. चपला-बुटांचा ढीग आणि वैरणीच्या पेंढ्या अंथरुणापासून लांब ठेवल्या आणि रात्रीच्या फेरीला बॅटरी जमिनीवर मारत गेलं तर बरंच टळतं.

कोणी दारू पिऊन आलं तर?

गेटवर अडवून बाहेर पाण्याकडे हाकलू नका. वेगळ्या खोलीत, पुरुष कार्यकर्त्याच्या नजरेसमोर, कुशीवर झोपवा. दंगा करत असेल तर पोलीस.

याच्या उलट प्रकार जास्त धोक्याचा आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. रोज पिणाऱ्या माणसाला केंद्रात आल्यावर दारू मिळत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हात थरथरतात, घाम फुटतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, फिट येते. लोक म्हणतात अंगात आलं, नाहीतर पाण्याची भीती बसली. हा आजार आहे, यात जीवही जातो. बांधून ठेवू नका, दवाखान्यात न्या. नोंदणीच्या वेळी घरच्या बाईला बाजूला घेऊन हळूच विचारलं की कोण रोज पितं ते ती सांगते.

जनावरांचं काय?

इथला माणूस जनावर सोडून यायला तयार नसतो. त्याचं बरोबरच आहे, घर दुधावर चालतं. म्हणून दावण माणसांच्या केंद्राजवळ, पण वाऱ्याच्या खालच्या अंगाला आणि पाण्याच्या टाकीपासून दूर ठेवा. पहाटे चार-साडेचारला धारांसाठी माणसं उठायला लागतात. त्या वेळी गेटवर पेंगणारा माणूस असेल तर कोण गेलं आणि कोण आलं याचा पत्ता लागत नाही, म्हणून रातपाळीचा चहा चारला ठेवा. वैरण आणि पेंड यांचा हिशेब वेगळ्या वहीत. सांगायला बरं वाटत नाही, पण जेवणापेक्षा वैरणीवरून भांडणं जास्त होतात.

रात्रभर लोक ‘पाणी किती झालं?’ विचारतात. काय सांगायचं?

जिल्हा नियंत्रण कक्षाकडून (१०७७) आलेलाच आकडा सांगायचा, आणि वेळेसकट फळ्यावर लिहायचा : बंधाऱ्यावरची किंवा पुलाखालची पातळी, कोयनेचा विसर्ग, पाणी चढतंय की उतरतंय. ‘काय माहीत नाही’ म्हणून टोलवलं की लोक व्हॉट्सॲपकडे वळतात आणि धरण फुटल्याची आवई पाच मिनिटांत सगळ्या खोल्यांत फिरते. अशी आवई उठली तर मोठ्या आवाजात सगळ्यांना एकदमच सांगू नका. खोलीखोलीत जा, खाली बसून बोला, नियंत्रण कक्षाला त्यांच्यासमोर फोन लावा. काळोखात दीडशे माणसं एकदम जिन्याकडे धावली तर पुरापेक्षा मोठा अनर्थ होईल.

कोणी ‘रात्रीत घर बघून येतो’ म्हणालं तर?

जाऊ द्यायचं नाही. चोरीची भीती खरी असते, म्हणून त्याची अडचण वहीत लिहा आणि गस्तीच्या बोटीला घराचा ठिकाणा द्या. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला भर दिवसा बोट उलटून माणसं बुडाली. ते लोक सुटकेसाठीच निघाले होते. रात्री ओढ दिसत नाही, विजेच्या तारा दिसत नाहीत. तरुण पोरं ऐकत नसतील तर त्यांच्या आईला किंवा आजीला उठवा.

रात्री अकराला मदतीची गाडी आली तर?

२०१९ ला साऱ्या महाराष्ट्रातून मदत आली. रात्र-रात्र गाडी चालवून माणसं आली, त्यांना उभ्या-उभ्या परत पाठवणं मनाला पटत नाही. गाडी उतरवून घ्या, पावती द्या, चहा-जेवण आणि झोपायला जागा द्या. वाटप मात्र सकाळी, यादीप्रमाणे. रात्री वाटायला सुरुवात केली की झोपलेली मुलं उठतात, धडधाकट माणसं पुढं जातात आणि म्हाताऱ्यांना काही मिळत नाही. शिजवलेलं अन्न रात्री उशिरा आलं आणि कधी शिजवलं ते कळत नसेल तर वाटू नका. बाळांसाठी दुधाची पावडर आली तर ती डॉक्टरांच्या ताब्यात द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला अशा दिवसांत बाटली लावणं म्हणजे जुलाबांना बोलावणं.

फोटो काढले तर चालतील का?

झोपलेल्या माणसांचे, बायकांचे, मुलांचे नाही. पुढारी असोत वा देणगीदार, सगळ्यांना हाच नियम. धान्याची पोती, गाडी, वाटपाचं टेबल यांचे खुशाल काढा.

एकटं मूल आलं तर?

नाव, गाव, अंगावरचे कपडे, कुणाबरोबर आलं हे लिहा, बाईच्या देखरेखीत झोपवा आणि १०९८ ला (मुलांची हेल्पलाइन) कळवा. ‘मी मामा आहे’ म्हणून कुणी न्यायला आलं तर ओळखपत्र आणि पोलीस पाटलांची खात्री झाल्याशिवाय मूल सोडायचं नाही. रात्री तर नाहीच, मामा खरा असला तरी सकाळपर्यंत थांबेल.

मलाच झोप आवरत नाही, रडू येतं. काय करू?

सांगा. पाळीतल्या सोबत्याला सांगा आणि तासभर आडवं व्हा. सलग तीन रात्रींनंतर एक रात्र सुट्टी घ्यायलाच हवी. चौथ्या रात्री माणूस चिडचिडा होतो आणि त्याचे बोल केंद्रातल्या सगळ्यात गरीब माणसाला बसतात. कार्यकर्ते बरेचदा स्वतःच पूरग्रस्त असतात. आशाताईचं घर पाण्यात असतं आणि ती इथं दुसऱ्याच्या बाळाला ओआरएस पाजत असते. तिच्या घरची चौकशी केंद्रप्रमुखांनी रोज करावी आणि तिचं नावही मदतीच्या यादीत आहे ना ते बघावं. पाळी संपवून लगेच मोटारसायकलीवर बसू नका, आधी झोपा.

पाणी उतरलं. केंद्र कधी बंद करायचं?

पाणी पात्रात गेलं म्हणजे घर राहण्याजोगं झालं असं नाही. गाळ काढायचा असतो, भिंती ओल्या असतात, वायरमननं तपासल्याशिवाय मीटर चालू करता येत नाही, आडाचं पाणी शुद्ध झालेलं नसतं. माणसं दिवसा घर साफ करायला जातात आणि रात्री झोपायला केंद्रावर येतात, असे काही दिवस असतातच. नेमकं याच दिवसांत कार्यकर्ते पांगतात आणि रातपाळीला कुणी उरत नाही. शाळा भरवायची घाई असेल तर दोन खोल्या मागे ठेवा, पण रातपाळी मोडू नका. ज्यांची घरं पडली आहेत त्यांची पुढची सोय लेखी ठरल्याशिवाय शेवटच्या खोलीला कुलूप लावू नका.

वही तलाठ्यांकडे जमा करा आणि देण्याआधी तिची झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीत ठेवा. पंचनाम्याच्या वेळी कोण कुठल्या तारखेपासून केंद्रावर होतं हे लोकांना त्यातून दाखवता येतं. वर्ग ब्लीचिंगनं धुऊन, वाळवून मगच शाळेच्या ताब्यात द्यायचे आणि उरलेली औषधं आरोग्य केंद्राला मोजून परत करायची.